अ‍ॅम्बॅसिडरच्या माहेरी: ५२ वर्षांच्या एमजीबीतून तीन दिवस

मामांची एकच अट होती. लंडन दाखवलं नाहीस तरी चालेल, पण अ‍ॅम्बॅसिडर जिथं जन्मली ते गाव दाखव.

कराडला मामांचं चाळीस वर्षं गॅरेज होतं आणि त्यातली निम्मी वर्षं अ‍ॅम्बॅसिडरखाली झोपून गेली. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला बनणारी ती गाडी म्हणजे मुळात ऑक्सफर्डची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री, हे त्यांना त्यांच्या उस्तादाने सांगितलं होतं. ते गाव डोळ्यांनी बघायचं राहून गेलं होतं. मी कॉव्हेंट्रीत राहतो आणि माझ्याकडे १९७२ची एमजीबी जीटी आहे, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. आमच्याकडे नवी गाडीही आहे, पण या प्रवासाला ती काढावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. २०२४च्या जून महिन्यात आम्ही दोघं निघालो: कॉव्हेंट्री, गेडन, ऑक्सफर्ड, अ‍ॅबिंग्डन, मॉल्व्हर्न आणि परत. दोनशे मैलांच्या आसपास. जुनी ब्रिटिश गाडी घेऊन किंवा भाड्याने काढून कुणाला याच वाटेने जायचं असेल, त्याला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आदल्या रविवारी मामांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आरं, ही तर आपलीच हाय." खरंच होतं ते. अ‍ॅम्बॅसिडरचं १४८९ सीसी इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन एकाच घरातली, बी-सीरिज नावाची. इथे फक्त दोन एसयू कार्बोरेटर शेजारी शेजारी बसलेले. मामांनी ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि प्लगचा पंचवीस थाऊ लावला, कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या नळकांड्यात, तेल घातलं, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनच्या निपलांना ग्रीस मारलं. ही तीन कामं निघण्याआधी कुणीही करावीत. डॅशपॉट कोरडा असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते, आणि लोक उगाच पेट्रोलला दोष देतात.

बरोबर काय घ्यावं? भारतातून आणलेला मेट्रिक पान्यांचा संच इथे उपयोगाचा नाही. इंची पाने लागतात. सात-सोळांश, अर्धा आणि नऊ-सोळांश हे तीन असले तर रस्त्यावरचं बरंचसं काम होतं. त्याशिवाय फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), पॉइंट, कंडेन्सर, रोटर (फिरत फिरत प्रत्येक प्लगला ठिणगी पोचवणारा तुकडा), फॅन बेल्ट, फ्यूज, नळ्या आवळायच्या दोन-चार जुबली क्लिपा, हातभर वायर, टेस्ट लॅम्प, हातातली बॅटरी (टॉर्च), २०डब्ल्यू५० ऑइल आणि पाच लिटर पाणी. पेट्रोल नेहमी ई५, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं, भरा. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्या खातं. ई५ महाग पडतं, पण चालत्या इंजिनावर नळी फुटून पेट्रोल सांडण्यापेक्षा ते परवडलं.

पहिला मुक्काम गेडन. तिथलं ब्रिटिश मोटर म्युझियम एम-४० च्या बारा नंबरच्या जंक्शनजवळ आहे, पण आम्ही मोटरवे टाळून बी-४१०० ने गेलो आणि तुम्हीही तसंच जा. पन्नाशीच्या वेगात ही गाडी जशी वाहते, तशी सत्तरला वाहत नाही. म्युझियमला अर्धा दिवस तरी द्याच. १९५९ची सुरुवातीची मिनी, ६२१ एओके, इथे आहे आणि १९६४ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेली ३३ ईजेबी सुद्धा. मिनीचं इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, थेट पुढच्या जाळीमागे. पावसात पाणी उडालं की गाडी बंद. लोक त्यावर रबरी हातमोजा चढवत आणि त्याच्या बोटांतून वायरी बाहेर काढत. हे ऐकून मामांनी मान डोलावली. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधून त्यांनी किती गाड्या कुंभार्ली घाटाकडे पाठवल्या असतील, त्याचा हिशेब नाही.

या गाड्या इतक्या का बिघडतात, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. "ब्रिटिश गाड्या वाईटच" हे उत्तर मला मान्य नाही. युद्धानंतर देशाला परकीय चलन हवं होतं, निर्यात करणाऱ्याला पोलाद आधी मिळत होतं, आणि गाड्या घाईने जगभर गेल्या. पुढे १९६८ मध्ये एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या बऱ्याच कंपन्या ब्रिटिश लेलँड या एका छपराखाली आल्या. त्यातलं लेलँड म्हणजे आपल्या एसटीच्या अशोक लेलँडमधलंच लेलँड. मग संप, तुटपुंजी गुंतवणूक, जुनेच आराखडे. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं मुळात तीच राहिली. पण आज रस्त्यावर जी गाडी बंद पडते, ती बहुतेक वेळा वयाने पडते. पन्नास वर्षांची वायर, पन्नास वर्षांचा गंज आणि मधल्या दहा मालकांची दहा प्रकारची कामं.

बॅनबरीवरून ए-४२६० ने ऑक्सफर्डला पोचलो. गावात गाडी नेऊ नका. पार्क अँड राइडला लावून बसने जा. रेंगाळणाऱ्या गर्दीत या गाड्यांच्या पाण्याचा काटा चढतो. चढलाच तर हीटर पूर्ण सोडा. जूनमध्ये घाम फुटेल, पण ती दुसरी छोटी रेडिएटरच आहे आणि इंजिन वाचतं. लाँगवॉल स्ट्रीटवर विल्यम मॉरिसचं जुनं गॅरेज बाहेरून पाहता येतं. सायकली दुरुस्त करणारा हा माणूस तिथून मोटारींकडे वळला, आणि एमजी या अक्षरांमागचं 'मॉरिस गॅरेजेस' हे नावही त्याचंच.

तिथून काउली, मॉरिसचा कारखाना जिथं होता तो ऑक्सफर्डचा भाग. खरं सांगायचं तर बघण्यासारखं फार नाही. जुन्या कारखान्याचा मोठा भाग पाडून तिथे ऑफिसांच्या इमारती उभ्या आहेत, आणि उरलेल्या भागात आजची मिनी बनते. मामा रस्त्याच्या कडेला उभे राहिले. चपला काढल्या. हात जोडले. मी काही बोललो नाही. १९५०च्या दशकात इथून निघालेला एक आराखडा हुगळीच्या काठी गेला आणि २०१४ पर्यंत तिथे बनत राहिला; त्यावर कराडच्या एका घराची चूल चालली, दोन मुली शिकल्या. ज्याला आत जायचं असेल त्याने मिनीच्या कारखान्याची सहल आधी नोंदवावी. आम्ही ती नोंदवली नव्हती, याची मला आजही चुटपुट आहे.

रात्री अ‍ॅबिंग्डनला राहिलो. एमजी इथे १९२९ मध्ये आली आणि १९८० मध्ये कारखाना बंद झाला. तो वाचावा म्हणून चाहत्यांनी लंडनमध्ये मोर्चा काढला होता. काउंटी हॉल म्युझियममध्ये एक एमजीबी ठेवली आहे आणि एमजी कार क्लबचं किंबर हाऊस जुन्या कारखान्याला लागूनच आहे.

सकाळी किल्ली फिरवली आणि शांतता. एमजीबीत किल्ली फिरवली की आधी मागून टिक-टिक-टिक असा आवाज येतो. तो विजेचा पेट्रोल पंप. कार्बोरेटर भरला की थांबतो. तो आवाज नसेल तर स्टार्टर मारून बॅटरी संपवू नका. पंप गाडीखाली उजव्या मागच्या चाकाच्या पुढे असतो, आणि त्याच्या आतले पॉइंट कधीकधी चिकटतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने दोन हलक्या टिचक्या मारल्या आणि टिकटिक सुरू झाली. मामांना याचं फार नवल. अ‍ॅम्बॅसिडरचा पंप इंजिनावरच, घाटात तापला की त्यावर ओलं फडकं टाकायचं. इथे पंप मागे, गारव्याला. "डोकं हाय बरं का," म्हणाले. तात्पुरता हा इलाज चालतो, पण घरी आल्यावर पंप दुरुस्त करून घ्याच. आता पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक भाग असलेले पंपही मिळतात.

दुसरा दिवस मात्र सणासारखा गेला. बरफर्ड, स्टो, मॉर्टन, मधाच्या रंगाच्या दगडांची गावं, दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि वळणावळणाचे रस्ते. अशा रस्त्यावर ही गाडी का आवडते ते सांगून कळत नाही. स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडा न खडा हाताला कळतो, गिअर मनगटाच्या एका झटक्यात पडतो, आणि चाळीसच्या वेगातही आपण खूप काही करतो आहोत असं वाटतं. दर थांब्यावर कुणीतरी वयस्क माणूस जवळ येतो आणि "माझ्याकडे होती" असं सुरू करतो. या गप्पांसाठी वेळ राखून ठेवा. वेळापत्रक आखताना रस्त्याच्या वेळेत निम्मी भर घाला.

मॉल्व्हर्नला मॉर्गनचा कारखाना आधी नोंदणी करून आतून पाहता येतो. तिथे आजही गाडीच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅशच्या लाकडाचा बनतो. मामांनी ते लाकूड हाताने चाचपलं आणि आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला बाभूळ का वापरतात ते तिथल्या कारागिराला समजावून सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं हातवाऱ्यांत. त्याला ते कळलं.

तिसऱ्या दिवशी परतीला ब्रॉडवेच्या पुढे ए-४४ वरचा फिश हिलचा चढ लागला. निम्म्यावर इंजिन फडफडायला लागलं आणि बंद पडलं. अशा वेळी आधी माणसं सांभाळा. गाडी जमेल तितकी कडेला घ्या, त्रिकोण निदान ४५ मीटर मागे लावा (मोटरवेवर मात्र लावायचा नसतो) आणि चमकणारं जाकीट घालून गाडीपासून दूर उभे राहा. जुन्या गाडीला चारही इंडिकेटर एकदम लागतीलच असं नाही.

मग मामांनी सुरुवात केली, आणि ती पद्धत मी इथे मुद्दाम उतरवून ठेवतो. पंप टिकटिकला आणि थांबला, म्हणजे पेट्रोल पोचतंय. ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढून, रबरी मुठीच्या पक्कडीत धरून, इंजिनाच्या लोखंडाजवळ नेली. मी स्टार्टर मारला. निळी, जाड ठिणगी. म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर ठीक. प्लगच्या वायरीला ठिणगी नाही. "आरं, करंट निघतोय, पर पोचंना. मधीच कुणीतरी खातंय." टोपी काढली, तडा नव्हता. मग तीच मधली वायर रोटरच्या पितळी पट्टीजवळ धरली आणि मी पुन्हा स्टार्टर मारला. ठिणगी रोटरमधून आरपार खालच्या दांड्यात उतरत होती. चांगल्या रोटरवर ती तिथे उडायलाच नको.

तो रोटर महिन्याभरापूर्वी बसवलेला, नवाकोरा. आतला रिव्हेट खालच्या दांड्याच्या फार जवळ असला की तापल्यावर असं होतं. हल्लीच्या स्वस्त सुट्या भागांची ही जुनी तक्रार आहे. जुना, काळवंडलेला रोटर मी फेकला नव्हता, हे नशीब. पुसून बसवला आणि पहिल्या झटक्यात गाडी चालू. म्हणून सांगतो, नवा भाग बसवला की चालत असलेला जुना भाग गाडीतच ठेवा. आणि नवा घेताना रिव्हेट नसलेला रोटर मागा.

वर पोचून फिश हिलच्या पिकनिकच्या जागेत डबा सोडला. जवळच ब्रॉडवे टॉवर आहे, १७९८ साली बांधलेला. आमचं इंजिनही १७९८ सीसीचं. मामांना हे इतकं आवडलं की त्यांनी टॉवरसमोर बॉनेट उघडून फोटो काढायला लावला.

पुढे फॉसवेवर, म्हणजे रोमन काळातल्या सरळ रस्त्यावर, कातरवेळी डाव्या दिव्याचा उजेड मंदावला. लुकासच्या विजेच्या सामानाला इथे 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून चिडवतात. मला ती थट्टा पटत नाही. आमच्या दिव्याला करंट पुरेसा मिळत होता, परतीची वाट गंजली होती. अर्थचा जोड, म्हणजे वायर गाडीच्या लोखंडाला जिथं टेकते तो, काढून पॉलिश पेपरने घासला, परत घट्ट बसवला, दिवा लख्ख. निघण्याआधी पुढच्या दोन्ही दिव्यांचे, मागच्या दिव्यांचे आणि बॅटरीचे अर्थ घासून घेतले तर रात्रीची निम्मी दुखणी उगवतच नाहीत. हे काम मी केलं नव्हतं, तुम्ही करा.

भाड्याने गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, पण जुन्या गाड्या देणारे वयाची आणि अनुभवाची स्वतःची अट घालतात, ती आधी विचारा. गाडी बंद पडली तर कोण येणार आणि किती वेळात, हे लेखी घ्या. चोक कधी ढकलायचा ते दाखवून घ्या. इंजिन तापल्यावरही ओढलेला राहिला तर प्लग काळे पडतात. विकत घ्यायची असेल तर इंजिनाआधी दारांखालचे सिल बघा. एमजीबीला वेगळी चासी नसते, गाडीचं बळ त्या सिलांतच असतं. लोहचुंबक चिकटला नाही तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सुट्या भागांची मात्र चिंता नको. १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे अख्खे नवे सांगाडेसुद्धा बनू लागले. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही आणि फार फेरफार केलेले नसतील तर सक्तीची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणीही नाही. तरी मी दरवर्षी ती करून घेतो.

रात्री साडेदहाला घरी पोचलो. मी चहा टाकला, तोवर मामा हातात बॅटरी घेऊन पुन्हा बॉनेटखाली. तो नवा रोटर त्यांनी रुमालात बांधून घेतला होता. कराडला गॅरेज आता त्यांचा पुतण्या चालवतो, त्याला आरपार जाणारी ठिणगी कशी ओळखायची ते यावर दाखवणार होते.