निकालाचा रकाना झाकून

फोंडा, शनिवार, रात्री

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या विधेयकावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली, आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, अवघ्या पाच दिवसांवर आलेली असताना मी ज्या ॲपवर पोकर खेळत असे तेथील पैशांची टेबले बंद झाली. खात्यातली शिल्लक बँकेत परत आली, ॲप फोनमधून गेले आणि मागे उरला तो एक्सेलचा तक्ता, ज्यात मी माझे डाव उतरवून ठेवत आलो आहे. घरच्यांना वाटले की आता तोही पुसला जाईल. प्रत्यक्षात चवथीनंतर मी तो जितका वाचला तितका खेळत असताना कधीच वाचला नव्हता. नवे निकाल येण्याचे थांबल्यावर काल रात्री जिंकलो की हरलो हा प्रश्न मध्ये येत नाही, आणि जुना डाव केवळ डाव म्हणून पाहता येतो.

गोव्यात राहणाऱ्याने पोकर ऑनलाइन कशाला खेळावे, असे बाहेरचे मित्र विचारतात. मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी असतात हे खरे, पण २०२० पासून गोमंतकीयांना तेथे खेळण्यास मनाई आहे. आणि मनाई नसती तरी माझ्यासारख्याला तेथे फारसे शिकता आले नसते. समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, ऑनलाइन त्याच्या दुपटीहून अधिक होतात आणि प्रत्येक डावाचा इतिहास मागे राहतो. ज्याला स्वतःच्या खेळातली दुबळी जागा शोधायची आहे त्याला हा इतिहासच हवा असतो.

माझ्या तक्त्यात तारीख, ब्लाइंडची (पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमेची) पातळी, टेबलावरील जागा, हातातले पत्ते, पॉटचा (मध्ये जमलेल्या रकमेचा) आकार, घेतलेला निर्णय, निर्णयाचे कारण आणि शेवटी निकाल असे रकाने आहेत. यातला कारणाचा रकाना सर्वांत मोलाचा असायला हवा होता, पण वाचताना तोच सर्वांत संशयास्पद वाटू लागला. जिंकलेल्या डावांपुढे 'समोरच्याचा अंदाज अचूक आला' अशी वाक्ये आहेत आणि हरलेल्या डावांपुढे 'रिव्हरला नको तो पत्ता आला' अशी (रिव्हर म्हणजे टेबलावरचा शेवटचा, पाचवा पत्ता). कारण लिहिताना निकाल ठाऊक असला की लेखणी आपोआप निकालाच्या बाजूने झुकते. म्हणून आता मी निकालाचा आणि जुन्या कारणाचा असे दोन्ही रकाने लपवून ठेवतो, प्रत्येक डावासाठी कारण नव्याने लिहितो आणि मग दोन्ही कारणे शेजारी ठेवून पाहतो. जेथे ती जुळत नाहीत, तेथे थांबून विचार करायचा, एवढाच नियम ठेवला आहे.

नफ्याच्या आलेखाकडे मी फारसा पाहत नाही, आणि त्यामागे साधे गणित आहे. सहाजणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे हाती दोन आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते असलेल्या पोकरमध्ये, दर शंभर डावांमागे निकालाचे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती हलतो त्याचे माप, साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असते (दोन ब्लाइंडपैकी मोठा तो बिग ब्लाइंड, आणि मोजमाप त्यातच होते). ते ९० धरले, तर दहा हजार डावांनंतर सरासरीतली प्रमाण त्रुटी ९ बिग ब्लाइंड उरते, एक लाख डावांनंतर ती सुमारे २.८ होते आणि १ च्या खाली यायला आठ लाखांहून अधिक डाव लागतात. दर शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावणारा खेळाडू या पातळीवर चांगला समजला जातो. म्हणजे खरोखरच चांगला खेळणारा माणूस दहा हजार डावांनंतर तोट्यात असू शकतो, आणि त्यात नवल करण्यासारखे काही नाही. उलट, ज्याचा खेळ मुळात तोट्याचा आहे तो तेवढ्याच डावांनंतर नफ्यात दिसू शकतो. हा दुसरा अधिक धोक्याचा, कारण त्याला तपासणीची गरजच वाटत नाही.

सर्व चिप्स मध्ये गेल्यानंतर, पत्ते उघडे असताना, जिंकण्याची शक्यता किती होती त्यानुसार निकाल सुधारून घेण्याची पद्धत आहे. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध फ्लॉपच्या (टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधी सुमारे ८२ टक्के वेळा जिंकते. दोघांपुढे शंभर-शंभर ब्लाइंड असतील, तर दोनशेच्या पॉटमधला माझा वाटा १६४ चा, म्हणजे निर्णयाची किंमत अधिक ६४, मग प्रत्यक्षात शंभर गेले तरी चालेल. हा सुधारित आकडा आलेखातला काही गोंगाट कमी करतो, पण सगळा नाही. चिप्स मध्ये जाण्याआधीचे नशीब, म्हणजे समोरच्याला मोठे पत्ते नेमके माझ्या मोठ्या पत्त्यांच्या वेळी मिळणे, त्यात मोजले जात नाही. काही जण या सुधारित रेषेलाच आपली खरी पातळी समजतात, ते मला पटत नाही.

रविवार, संध्याकाळी

साखळीचा मित्र आज आला होता. तो हायस्कुलात गणित शिकवतो आणि माझ्याच पातळीवर खेळत असे. आम्ही एकमेकांना डाव दाखवतो ते अर्धवट, म्हणजे निर्णयाच्या क्षणापर्यंत. पुढे काय झाले ते सांगायचे नाही, असे ठरलेले आहे. आजची सगळी दुपार एकाच डावावर गेली आणि ती वाया गेली असे वाटले नाही.

दोघांपुढे शंभर ब्लाइंड होते. माझ्या हाती बदामचा राजा आणि चौकटची राणी. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी आणि चौकटची तिर्री. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, किलवरची दुर्री. रिव्हरला बदामची सत्ती. फ्लॉप आणि टर्नला मी बेट केले, म्हणजे पैसे लावले, आणि समोरच्याने दोन्ही वेळा केवळ कॉल केले, म्हणजे तेवढेच घातले. रिव्हरला पॉट ४० ब्लाइंडचा झाला होता, मी २० लावले आणि त्याने उरलेले सर्व ८० पुढे ढकलले. आता मला ६० घालून एकूण २०० च्या पॉटसाठी खेळायचे होते, म्हणजे कॉल परवडण्यासाठी ३० टक्के वेळा तरी जिंकायला हवे.

मित्राने वहीत मला हरवू शकणारे हात मोजायला सुरुवात केली. नव्व्यांची जोडी तीन प्रकारे, तिर्र्यांची तीन प्रकारे. राजा-नव्वी एकाच रंगाचे दोन प्रकारे, कारण चारपैकी एक राजा टेबलावर आणि एक माझ्या हाती. दुर्र्या आणि सत्त्यांच्या जोड्या त्याने सोडून दिल्या, कारण लहान जोडी घेऊन राजाच्या फ्लॉपवर माणूस इतका वेळ थांबत नाही. एक्का-राजा असता तर समोरच्याने फ्लॉपच्या आधीच रेज केले असते, म्हणजे रक्कम वाढवली असती. म्हणजे मला हरवणारे निदान आठ प्रकार झाले. ३० टक्के गाठण्यासाठी ब्लफचे (हाती काही नसताना घाबरवण्याचे) साडेतीनच्या आसपास, म्हणजे पूर्ण आकड्यात चार प्रकार पुरेत. आणि इस्पिकचा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) न लागलेले हात मोजू लागलो तर कागदावर दहा सहज भरतात. मित्र म्हणाला, "कागदावर तरी हा कॉलच आहे, त्यात वादच नाही."

मग आम्ही तक्ता उघडला आणि दोनदा कॉल करून रिव्हरला अचानक मोठे रेज करणाऱ्यांविरुद्ध मी कॉल केलेले सर्व डाव गाळून बाजूला काढले. त्यांतले पाचातून एखादेच जिंकलेले निघाले, आणि जिंकलेल्यांतही काहींमध्ये समोरच्याने ब्लफ केला नव्हता, माझ्याहून हलका राजा चांगला समजून खेळला होता. नमुना लहान आहे हे मान्य, आणि त्यावरून टक्केवारी ठरवण्याइतका मी उतावळा नाही. पण त्यातून प्रश्न नेमका झाला. फसलेल्या फ्लशचे दहा प्रकार कागदावर असतात; लहान रकमेच्या टेबलावरची माणसे मात्र ते घेऊन रिव्हरला रेज करत नाहीत, गुपचूप पत्ते टाकतात. मी मोजणी बरोबर करत होतो, पण ती माझ्यासारखा विचार करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची मोजणी होती. पुस्तकी समतोल खेळाडू तेथे ब्लफ करेल, म्हणून रात्री साडेदहाला जेवण उरकून फोन हाती घेतलेला माणूस करेलच असे नाही.

मित्राचा आक्षेप असा की, अशा ठिकाणी नेहमीच पत्ते टाकले तर कोणीतरी ते हेरून मला लुटेल. तत्त्वतः बरोबर आहे. पण ज्या टेबलावर तेच खेळाडू पुन्हा समोर येत नाहीत आणि आले तरी नोंदी ठेवत नाहीत, तेथे न होणाऱ्या लुटीपासून बचाव करण्यासाठी रोज थोडे थोडे देत राहणे मला महाग वाटते. यावर आमचे एकमत झाले नाही. त्याने तो डाव वहीत चौकट करून ठेवला आहे.

बुधवार

मोठ्या पॉटचे डाव लक्षात राहतात, म्हणून ते लिहिले जातात, आणि लिहिले गेले म्हणून तपासले जातात. माझ्या तक्त्यातली खरी उणीव हीच आहे. सुदैवाने ॲप बंद होण्याआधी शेवटच्या काही आठवड्यांचे सर्व डाव, लहान-मोठे धरून, मी उतरवून घेतले होते. आज जागेनुसार त्यांची वर्गवारी केली.

बिग ब्लाइंड भरण्याच्या जागी बसून प्रत्येक डाव सोडला तर शंभर डावांत १०० ब्लाइंड जातात, स्मॉल ब्लाइंडला, म्हणजे निम्मी रक्कम भरण्याच्या जागी, ५०. त्यामुळे या दोन जागांवर तोटा दिसतो म्हणून घाबरायचे नसते. तो सोडून देण्यापेक्षा किती कमी आहे, एवढेच पाहायचे. बिग ब्लाइंडचा माझा तोटा त्या मानाने बराच कमी निघाला. स्मॉल ब्लाइंडला मात्र मी सगळे पत्ते टाकले असते तर जेवढे गेले असते, त्याहून जास्त गेलेले दिसते. उघडून पाहिल्यावर कारण दिसले: अर्धा ब्लाइंड आधीच मध्ये आहे, आणखी अर्धा घालून फ्लॉप पाहू, या हिशेबाने गुलाम-सत्ती, दश्शी-छक्की यांसारखे हात मी खेळत राहिलो. फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत त्या जागेवरून आधी बोलावे लागते आणि समोरचा आपले पाहून नंतर ठरवतो. जो पॉट मिळतो त्यातूनही रेक, म्हणजे ॲपचा वाटा, कापला जातो.

सहाजणांच्या टेबलावर शंभर डावांत ही जागा सोळा-सतरा वेळा येते. दर वेळी सोडून देण्याच्या तुलनेत सरासरी ०.३ ब्लाइंड जरी जास्त गेले, तरी शंभर डावांमागे ५ ब्लाइंड होतात, म्हणजे चांगल्या खेळाडूची सगळी कमाई. रिव्हरचा तो ६० ब्लाइंडचा कॉल दुपारभर चघळला. पण तसा प्रसंग हजार डावांत कितीदा येतो? ही अर्ध्या ब्लाइंडची गळती मात्र दर सहाव्या डावाला चालू असते आणि तिची आठवणही राहत नाही.

स्वेच्छेने पॉटमध्ये उतरण्याचे माझे एकूण प्रमाण चांगल्या खेळाडूंच्या २२ ते २६ टक्क्यांच्या पट्ट्यातच बसत होते, म्हणून इतके दिवस काही खटकले नाही. एकूण सरासरी नीट दिसत असली तरी तिच्या आत एक जागा फार सैल आणि दुसरी, म्हणजे बटनाची (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलण्याची), गरजेपेक्षा घट्ट असू शकते. माझ्या बाबतीत नेमके तसेच आहे. बटनाला जे हात खेळायला हवेत ते मी सोडतो, आणि स्मॉल ब्लाइंडला जे सोडायला हवेत ते खेळतो.

(पावसाळ्यातील नोंदींमध्ये काही ठिकाणी पुढच्या रकान्यात नुसते 'वीज' असे लिहिलेले सापडले. फोंड्यात वीज गेली की वायफाय जाते, आणि वेळ संपल्यावर ॲप आपोआप पत्ते टाकते. असे डाव वर्गवारीतून काढावे लागले.)

शुक्रवार

पैशांचे पान आज बंद केले. ते खेळाच्या पानापासून मी पहिल्यापासून वेगळे ठेवले होते, कारण १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ लागला, १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, आणि या दोहोंमुळे खात्यातली शिल्लक पाहून खेळाबद्दल काही ठरवणे अशक्य होऊन बसले होते. ब्लाइंडमध्ये मोजलेला निकाल खेळाचा, रुपयांत मोजलेला सरकारचा आणि ॲपचा धरून. दुसरे पान आता लागणार नाही.

फुकट चिप्सची टेबले अजून चालतात आणि त्यांत पैसा नसल्याने ती या बंदीत येत नाहीत. तेथे रिव्हरच्या कॉलचा अभ्यास होणार नाही, कारण गमावण्यासारखे काही नसल्यामुळे माणसे कशावरही सर्व चिप्स पुढे करतात. त्या डावांचे आकडे जुन्या तक्त्यात मिसळले तर तक्ता बिघडेल. पण स्मॉल ब्लाइंडला गुलाम-सत्ती आल्यावर बोट फोल्डवर, म्हणजे पत्ते टाकण्यावर, जाते की नाही, हे तपासायला समोरचा कसा खेळतो याला महत्त्व नाही. त्यासाठी नवे पान उघडले आहे आणि त्यात तीनच रकाने ठेवले आहेत: जागा, पत्ते, खेळलो की सोडले. निकालाचा रकाना त्यात नाही. बटनाचे हात पुढच्या महिन्यात घेईन. दोन्ही एकदम सुरू केले तर कशामुळे काय बदलले ते कळणार नाही. मित्राला पान पाठवले आहे, तो रविवारी येताना स्वतःचे स्मॉल ब्लाइंडचे डाव घेऊन येणार आहे.