श्रीखंडाच्या डब्यातले मेफ्लाय

पहिल्या वर्षी मी मेफ्लाय या किड्यांचे चारेकशे फोटो काढले आणि एकाचंही नाव सांगू शकलो नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून रॉस्कोला गाडीने दोन-सव्वादोन तास लागतात. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांतलं हे गाव ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध. बीव्हरकिल आणि विलोवीमॉक या नद्यांचा संगम तिथेच होतो. मासेमारीत मला रस नाही. मला हवा असतो ट्राउटचा खाऊ, म्हणजे मेफ्लाय. एप्रिलअखेरीस दुपारी दोन-तीनच्या सुमाराला हे किडे पाण्यावर तरंगत येतात, पंख शिडासारखे उभे करून. फोटो हमखास देखणा येतो, आणि तिथेच माझं चुकलं.

एका जाणकारांना फोटो दाखवले. ते म्हणाले, "छान आहेत. पण शेपट्या कुठायत? पोट खालून कसं दिसतं? मोजमाप?" मी उजेड आणि मागचं धूसर हिरवं पाणी साधण्यात रमलो होतो. शेपट्या सगळ्या फोकसबाहेर.

आता शेपट्यांचंच बघा. त्या दिवसांत तिथे दोन करडे मेफ्लाय असतात. 'क्विल गॉर्डन' म्हणजे शास्त्रीय नावाने एपिओरस, त्याला दोन शेपट्या. 'हेंड्रिक्सन' म्हणजे एफेमेरेला, त्याला तीन. सोपं वाटतं ना? पण शेपटी केसासारखी नाजूक, पकडताना तुटते. माझा एक 'क्विल गॉर्डन' फोटो मोठा करून पाहिला, तर मधल्या शेपटीचा खुंट दिसला. म्हणजे तो हेंड्रिक्सनच!

त्याहून मोठी फजिती नावांची. हेंड्रिक्सन हे मुळात गळाला लावायच्या नकली माशीचं नाव. रॉय स्टीनरॉड यांनी ती 1916 मध्ये बीव्हरकिलवर बांधली आणि मित्राचं नाव दिलं. पुढे ज्या किड्यासारखी ती दिसते त्यालाही तेच नाव चिकटलं. शिवाय गळवाले 'रेड क्विल' असं आणखी एक नाव घेतात. माझ्या वहीत या दोन जाती होत्या. प्रत्यक्षात रेड क्विल हा हेंड्रिक्सनचाच नर: अंग तांबूस, डोळे विटकरी आणि डोक्याच्या मानाने प्रचंड. म्हणजे नवरा-बायकोची मी दोन वेगळी घरं मांडली होती.

दुसऱ्या वर्षी ठरवलं, जातीपर्यंत पोचायचंच. त्यासाठी नर लागतो, आणि तोही पूर्ण वाढलेला. मेफ्लायचं विचित्र असं की पंख फुटल्यावरही तो आणखी एकदा कात टाकतो. दुसरा कुठलाच कीटकगण असं करत नाही. आधीच्या अवस्थेत पंख धुरकट असतात, नंतर काचेसारखे. नराच्या पोटाच्या टोकाशी चिमट्यासारखे अवयव असतात, त्यांची ठेवण कात टाकल्यावर नीट दिसते. तेव्हा किडा घरी आणून वाट पाहणं आलं.

पहिले तीन नर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आणले. आत वाफ धरली, ओल्या प्लास्टिकला पंख चिकटले, तिन्ही गेले. सांगलीहून आलेली आई ओट्याशी उभी राहून बघत होती. "अरे, कोंडलंस कशाला? मोगऱ्याची फुलं ठेवतो तसं ओलं फडकं लाव, वारा लागू दे." पुढच्या शनिवारी मी कागदी पेला घेतला. तोंडाला जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा, किंचित ओला, रबरबँडने ताणलेला. किड्याला चढायला आत एक काडी. पेला फ्रिजशेजारी, सावलीत.

"याला खायला काय घालतोस?" आईने विचारलं.

"काही नाही. याचं तोंड आता कामाचं नसतं."

"अगंबाई," एवढंच ती म्हणाली, आणि कुकर लावायला वळली.

रविवारी रात्री अकराच्या सुमाराला पाठ उकलली. कॅमेरा आधीच मांडून ठेवला होता: शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, फ्लॅशवर टिश्यू पेपर, काडीमागे आलेखाचा कागद. आधी डोकं आणि छाती बाहेर आली, मग पाय, मग पंख, ओल्या सेलोफेनसारखे. शेवटी शेपट्या, कातेतून धागा ओढावा तशा. दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपलं. रिकामी कात काडीला तशीच धरून राहिली, तिचे धुरकट पंख चुरगळलेले.

घाईत सात फोटो काढले, पाच हलले. उरलेल्या दोनांपैकी एकात तिन्ही शेपट्या शाबूत, दुसऱ्यात पोटाचं टोक खालून, चिमट्यांसकट. तेच त्या जाणकारांना पाठवले. मंगळवारी उत्तर आलं: एफेमेरेला सबव्हेरिया, नर.

वहीतली 'रेड क्विल'ची ओळ खोडली. मादीचे असे फोटो अजून व्हायचेत, पण आई म्हणते, आता तिची साडी कापायची नाही.