नव्या बुशचं रबर फाटतं तेव्हा

गाडी बीएमडब्ल्यू एम3, ई46 पिढीतली, म्हणजे 2000 ते 2006 या काळात निघालेली. तक्रार ओळखीची होती. वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागची बाजू क्षणभर आपल्या मनाने वळते, आणि खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी मागून पोहल्यासारखी वाटते. या मॉडेलबद्दल असं ऐकलं की माझा पहिला संशय मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (मागचं चाक बॉडीला जोडणाऱ्या लांब दांड्याच्या) पुढच्या टोकातल्या बुशवर, म्हणजे तिथल्या रबरी सांध्यावर जातो. मालक मूळचा सांगलीचा. तो म्हणाला, "दादा, बुश तर नवीनच आहेत." आणि एका वर्कशॉपची पावती पुढे केली. पार्ट कंपनीचेच होते, मजुरीही चांगलीच घेतली होती.

इथे ब्रिटनमध्ये मी लोकांच्या दारात जाऊन गाड्या दुरुस्त करतो. लिफ्ट नसते. गाडी दोन ॲक्सल स्टँडवर, पुढच्या चाकांना अडकण, आणि मी खाली पाठीवर. जमीन सपाट नसेल तर मी काम घेत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणीच जाऊ नये, मग काम दोन मिनिटांचं का असेना.

आर्म आणि त्याला बॉडीशी जोडणारं ब्रॅकेट यांच्या मध्ये पहार घालून आडवा जोर दिला. उजवी बाजू थोडी दबून परत आली, म्हणजे ठीक. डावी मात्र सरळ एका अंगाला सरकली. टॉर्च धरली तर बुशच्या आतल्या स्लीव्हभोवती (धातूच्या नळीभोवती) रबर जवळजवळ पूर्ण गोल सुटलेलं. बाकी रबर काळंभोर, टवटवीत, कुठे भेग नाही. जुनं होऊन गेलेलं रबर असं दिसत नाही. त्याला वरून बारीक चिरा पडतात, कडा कडक होतात. हे पिळून तुटलं होतं.

कारण समजायला बुशची रचना लक्षात घ्यावी लागते. बाहेरची स्लीव्ह आर्ममध्ये दाबून बसवलेली असते, आतली स्लीव्ह बोल्टने ब्रॅकेटमध्ये आवळलेली असते आणि मधलं रबर दोन्हींना चिकटवलेलं असतं. चाक वरखाली होतं तेव्हा काहीही फिरत नाही, फक्त रबर पिळलं जातं. बोल्ट ज्या कोनात आवळाल तो त्या रबराचा आरामाचा कोन. चाक लटकत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर आली की रबर उभ्या गाडीतही पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो.

इतर बऱ्याच गाड्यांत उपाय सोपा असतो. बोल्ट सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, मग आवळायचं. ई46 मध्ये ते जमत नाही, कारण ब्रॅकेट बॉडीच्या खोबणीत बसतं आणि एकदा बसलं की मधल्या बोल्टला पाना लागत नाही. त्यामुळे आर्मचा ब्रॅकेटशी असलेला कोन आधी ठरवून, ब्रॅकेट बाहेर असतानाच तो बोल्ट पक्का करावा लागतो. यासाठी कंपनीचं खास हत्यार आहे. ते नसेल तर कोन मोजायला वेळ द्यायचा असतो, आणि नेमका तोच वेळ लोक वाचवतात.

माझी पद्धत अशी. गाडी चाकांवर उभी असताना मागून दाबून सोडायची, स्थिर झाली की चाकाचा मध्य ते फेंडरची कड हे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवायचं. मग गाडी स्टँडवर घेऊन, चाक काढून, आर्मखाली जॅक लावून हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मध्य त्याच अंतरावर आणायचा. आता ब्रॅकेट आणि आर्म या दोन्ही धातूंवरून जाणारी एक सरळ रेघ अणकुचीदार सळईने ओढायची आणि वर पांढरा रंग लावायचा. ही रेघ जुन्या बुशवर अवलंबून नसते, त्यामुळे आधीच्या माणसाने काय केलं होतं याची पर्वा उरत नाही. काहीजण चाक लटकतं ठेवून खूण करतात. ती खूण म्हणजे चूक जशीच्या तशी उतरवून घेणं.

याच वेळी ब्रॅकेटच्या कडेनेही बॉडीवर रंगाची खूण करायची. त्याच्या तीन बोल्टांची भोकं लांबट असतात आणि मागच्या चाकाचा टो, म्हणजे चाक पुढून किती आत किंवा बाहेर वळलेलं आहे ते, तिथेच ठरतं. खूण असली तरी शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट करायचंच, पण तिथपर्यंत गाडी नीट चालवत नेता आली पाहिजे.

ब्रॅकेट सोडण्याआधी ब्रेकची नळी आणि एबीएस सेन्सरची वायर त्यांच्या क्लिपमधून मोकळी करायची. उजव्या चाकाला ब्रेक पॅडच्या झिजेची वायरही असते, ती हमखास विसरली जाते. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने लोखंडी ब्रेक पाइप बाहेरून गंजून पोखरलेले असतात, म्हणून आर्मचं टोक झटक्यात पडू द्यायचं नाही. जॅकने हळूहळू खाली आणायचं.

बुश काढायला थ्रेडेड रॉड आणि कपांचा पुलर लागतो. हातोड्याने ठोकून आर्मचं भोक लंबगोल झालेलं मी पाहिलं आहे, मग नवा बुश कधीच घट्ट धरत नाही. पुलरने हललं नाही तर रबर ड्रिलने पोखरून काढायचं आणि बाहेरची स्लीव्ह आतून करवतीने कापायची, पात्याला आर्म लागायच्या आत थांबायचं. रबर जाळायचं नाही, त्याचा धूर विषारी असतो. काढण्यापूर्वी बुश कडेपासून किती बाहेर आहे ते कॅलिपरने मोजायचं आणि त्याच्या खाचांची दिशा आर्मवर खुणावायची. या गाडीत आधीचं काम भरवशाचं नव्हतं, म्हणून दिशा मी मॅन्युअलमधून पडताळली. भोक तारेच्या ब्रशने स्वच्छ करून साबणाच्या पाण्याने नवा बुश सरळ ओढून घ्यायचा. ग्रीस किंवा तेल वापरायचं नाही. तिरका जायला लागला तर जोर न लावता परत काढायचा.

मग ब्रॅकेट, रेघेला रेघ जुळवून, नव्या बोल्टने 110 न्यूटन-मीटर. आवळताना ब्रॅकेट बोल्टबरोबर फिरू पाहतं, ते शिकंजात किंवा दुसऱ्या माणसाने धरलेलं हवं. नंतर बॉडीचे तीन बोल्ट 77 न्यूटन-मीटर. हे बसवण्याआधी, ब्रॅकेट खाली आहे तोवर त्याची खोबण आणि मागच्या सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) बसण्याच्या जागा साफ करून भेगा शोधाव्या. ई46 चा तिथला पत्रा तडकतो हे जगजाहीर आहे. या गाडीत सुदैवाने काही नव्हतं.

मालकाला पॉलियुरेथेनचे बुश हवे होते. त्यात पिळण्याचा प्रश्न नसतो, कारण ते स्लीव्हवर फिरतात. पण हा आर्म वरखाली जाताना आडव्या दांड्यांमुळे थोडा तिरपाही होतो. रबर तो तिरपेपणा सोसतं, कडक पॉली अडून बसतो. रस्त्यावरच्या गाडीला रबरच योग्य, हे माझं ठाम मत आहे. आडवी हालचाल कमी हवी असेल तर दोन्ही बाजूंना पातळ लिमिटर रिंगा घालाव्यात, मी त्या घातल्या.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. उजव्या ब्रॅकेटचे बोल्ट काढताच ते आपसूक रेघेपासून बरंच फिरून बसलं, म्हणजे तेही लटकत्या चाकावरच आवळलेलं होतं. मग फाटलं फक्त डावं, ते का? इथे गाड्या डावीकडून चालतात आणि गटाराची झाकणं, कडेचे खड्डे डाव्या चाकाच्या वाट्याला येतात. पटण्यासारखं आहे, पण पुरावा नाही.

दुसरी गोष्ट स्प्रिंगांची. या गाडीला उंची कमी करणारे स्प्रिंग आहेत. आर्मची लांबी अर्धा मीटर धरली तर 30 मिमीच्या फरकाने कोन साडेतीन अंशांच्या आसपास बदलतो. खास हत्यार मूळ उंचीचा कोन देतं. मी गाडीच्या आजच्या उंचीला जुळवलं. मालकाने काही दिवसांनी विचारलं की मूळचे स्प्रिंग परत बसवले तर चालेल का. बसवता येतील, पण ब्रॅकेट पुन्हा खाली उतरवून, नव्या उंचीवर नवी रेघ ओढून, बोल्ट सोडून परत आवळावा लागेल, हे त्याला पावतीच्या मागे लिहून दिलं.