फुटाळ्यावर भेटलेली येझदी

आज सकाळी नागपुरात फुटाळा तलावावर तर्री-पोहे खात होतो, तर मागून तो आवाज आला. दोन सायलेन्सरचा, टू-स्ट्रोक इंजिनचा. मान न वळवताच बोललो, "अबे, येझदी!" अन् खरंच, येझदीची जुनी मोटरसायकल, रोडकिंग निघाली. मालक साठीचे काका. "माझी पहिली गाडी हो, विकलीच नाही कधी." मग काय, पोहे राहिले बाजूला.

माझीही पहिली रोडकिंगच, सेकंडहॅन्ड घेतलेली. म्हैसूरच्या कारखान्यातून 1961 पासून जावा मोटरसायकल निघायची, 1973 ला तिलाच येझदी नाव आलं, 1996 ला कारखानाच बंद. 2022 मध्ये नाव परत आलं, छान आहे नवी गाडीही, पण तो धूर कुठून आणणार? पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेला तो वास घरच्यांना पडद्यांपर्यंत जाणवायचा. आई वैतागायची, मला अत्तर वाटायचं.

अन् ती दांडी! किक अन् गियर एकच, तेही डाव्या बाजूला. आत दाबून मागं फिरवली की किक, पुढं आणली की गियर. शोरूममधून नवी गाडी घेतलेल्या पोट्टयांना हे दाखवा, ते उजवीकडेच किक शोधत बसतात. आज काकांनी मला एक किक मारू दिली. पहिल्याच किकला स्टार्ट! काका म्हणाले, "हात बसलाय तुमचा." मी म्हणालो, "पाय, काका."

तुमची पहिली कोणती होती, सांगा. बुलेटवाल्यांनो, जरा थांबा, आधी राजदूतवाल्यांना बोलू द्या.