तुम्ही विचारलंत म्हणून: मला उमजलेला चेट

घरी कुणी आलं आणि चेट बेकर या अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादकाच्या आठवणीत इटालियन वादकांनी केलेली रेकॉर्ड लागलेली असली, की चहा संपायच्या आत प्रश्न येतोच. "मूळ चेट बेकर मिळतो की! मग त्याच्या आठवणीत दुसऱ्यांनी वाजवलेलं कशाला ऐकायचं? आणि जॅझ तर अमेरिकेचं, मग तुमच्या कपाटात हे सगळे इटालियन कसे?" भाचीनं विचारलं, दिरांच्या मित्रानं विचारलं, शेजारच्या काकांनी तर दोनदा विचारलं. दर वेळी मी "आवडतं म्हणून" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि नंतर चुटपुट लागून राहिली. आता नीट बसून लिहिते.

सुरुवात बाबांच्या एका कॅसेटपासून करते. १९६५ साली कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. बालगंधर्व तेव्हा हयात होते. त्याची कॅसेट आमच्याकडे होती आणि ती लागली की आजी उठून आत जायची. तिनं नारायणरावांना समोर बसून ऐकलं होतं. "हे त्यांचं नाही," एवढंच म्हणायची. बाबा म्हणायचे, "नाहीच आहे. वर काय लिहिलंय ते वाच ना." मी तेव्हा शाळेत होते. दोघांचंही बरोबर आहे असं वाटायचं आणि तरी कॅसेट संपेपर्यंत मी बाबांजवळच बसलेली असायचे. त्या नावातला 'उमजलेले' हा शब्द मला पुढे फार वर्षांनी, एका इटालियन ट्रंपेटमुळे कळला.

आधी एक सांगून टाकते. आदरांजलीचे बहुतेक अल्बम मलाही आवडत नाहीत. मुखपृष्ठावर दिवंगत कलाकाराचा फोटो, आत त्याची गाजलेली आठ-दहा गाणी, पाहुणे म्हणून चार मोठी नावं, आणि वादन असं की मूळ रेकॉर्डवर पातळ कागद ठेवून गिरवल्यासारखं. त्यात चूक काहीच सापडत नाही, आणि ऐकून झाल्यावर हातात काही उरतही नाही. भाचीचा प्रश्न अशा अल्बमांबद्दल असेल तर तो शंभर टक्के बरोबर आहे. मूळच ऐकावं.

पण चेट बेकरचं आणि इटलीचं प्रकरण वेगळं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९६० च्या उन्हाळ्यात तोस्काना प्रांतातल्या लुक्का शहराजवळ अमली पदार्थांच्या प्रकरणात त्याला अटक झाली. तीस वर्षांचा, देखणा, जगभर नाव झालेला अमेरिकन वादक. सव्वा वर्षाहून जास्त काळ तो तिथल्या तुरुंगात होता. लुक्काभोवती जुना तट आहे, पूर्ण शहराला वेढा घालणारा, वर झाडं लावलेला. लोक संध्याकाळी त्यावर फिरायला जातात. तुरुंगात त्याला ट्रंपेट वाजवायची मुभा मिळाली आणि बाहेर फिरणारी माणसं थांबून ऐकायची, असं तिथे अजून सांगतात. डिसेंबर १९६१ मध्ये तो सुटला, आणि जानेवारी १९६२ मध्ये रोममध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी त्यानं 'चेट इज बॅक' ही रेकॉर्ड केली. पियानोवर आमेदेओ तोम्माझी हा इटालियन, बाकीचे बेल्जियन आणि स्विस. त्याच वर्षी आणखी चार गाणी झाली. त्यांचा वाद्यमेळ एका तरुण संयोजकानं बांधला होता. त्याचं नाव एन्नियो मोरिकोने, पुढे सिनेमाच्या संगीतासाठी जगभर गाजलेला. चेट त्यात इटालियन शब्द गातो. उच्चार परक्याचे आहेत, पण मला त्या गाण्यांत जीव अडकल्यासारखं होतं.

म्हणजे बघा, इटलीला हा माणूस नुसता रेकॉर्डवर भेटलेला नाही. तिथे तो कैदी होता, नंतर वर्षानुवर्षं पाहुणा होता. छोट्या गावांतल्या क्लबांत वाजवायचा, तिथल्या पोरांना साथीला घ्यायचा. १९८७ च्या नोव्हेंबरात चार्ली हेडन या अमेरिकन बासवादकाबरोबरची (बास म्हणजे खर्जातलं मोठं, उभं तंतुवाद्य) 'सायलेन्स' ही रेकॉर्ड रोममध्येच झाली. पियानोवर एन्रिको पिएरानुन्झी. १९८८ च्या सुरुवातीला, म्हणजे मृत्यूच्या जेमतेम दोन-तीन महिने आधी, पिएरानुन्झी, बासवर एन्झो पिएत्रोपाओली आणि ड्रमवर फाब्रिझियो स्फेर्रा यांच्याबरोबर त्यानं 'लिटल गर्ल ब्लू' केली. १३ मे रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये तो गेला.

आता १९९९ चा अल्बम. 'शेड्स ऑफ चेट'. त्यात ट्रंपेट दोन आहेत: एन्रिको रावा आणि पाओलो फ्रेझू. पियानोवर स्तेफानो बोल्लानी, तेव्हा जेमतेम पंचविशी ओलांडलेला. ड्रमवर रोबेर्तो गात्तो. आणि बासवर? तोच पिएत्रोपाओली, ज्यानं अकरा वर्षांपूर्वी खऱ्या चेटला साथ केली होती.

हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत मलाही आजीसारखंच वाटलं. हे त्याचं नाही. चेटचा स्वर कसा? कानाशी येऊन बोलल्यासारखा, कंपन जवळजवळ नाही, जोर नाही. वाक्य सरळ जातं आणि जिथे दुसरा वादक एक तान टाकेल तिथे तो श्वास घेतो. रावाचं तसं नाही. त्याचा स्वर मधेच फुटतो, वर उसळी मारतो, कधी काठावरून घसरतो. फ्रेझूचा गोल, उबदार, मलमलीसारखा. दोघांपैकी कुणीही चेटचा आवाज काढायचा प्रयत्न करत नाही. मग हळूहळू लक्षात येतं की त्यांनी घेतलंय ते दुसरंच काहीतरी. त्यांनी त्याच्या थांबण्याच्या जागा घेतल्यात. एक ट्रंपेट बोलतं, दुसरं लगेच उत्तर देत नाही. मधे जी रिकामी जागा राहते तिथे पिएत्रोपाओलीचा एखादा स्वर येऊन पडतो, आणि त्या रिकाम्या जागेत चेट बसलेला असतो. माझ्यासाठी तरी असतो.

मी मूळ चेट वीस वर्षं ऐकत होते. तो हळवा वाजवतो, सुंदर वाजवतो, एवढंच मला कळलं होतं. तो कुठे वाजवत *नाही* हे मला या दोघांनी दाखवलं. त्यानंतर मूळ रेकॉर्ड लावली तर ती वेगळीच ऐकू आली. शेजारच्या काकांना माझं उत्तर हे आहे. मूळ बाजूला सारून मी हे ऐकत नाही. मूळ नीट ऐकू यावं म्हणून ऐकते. कुमारांच्या कॅसेटनं बाबांचं तेच झालं असणार. नंतर ते बालगंधर्वांच्या जुन्या, खरखरणाऱ्या तबकड्या तासन् तास ऐकत बसायचे.

आता इटालियनच का?

रावाचीच गोष्ट घ्या. १९३९ साली त्रिएस्तेत जन्मला, तोरिनोत वाढला. आधी ट्रॉम्बोन वाजवायचा. अमेरिकन ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसला ऐकलं आणि ट्रंपेट हातात घेतलं. फ्रेझू १९६१ चा, सार्डिनिया बेटावरच्या बेर्किद्दा या छोट्या गावातला, धनगराच्या घरातला. अकराव्या वर्षी गावच्या बँडमध्ये शिरला. हा बँड म्हणजे तिकडची 'बांदा'. सणाच्या मिरवणुकीत, अंत्ययात्रेत, चौकात वाजणारी पितळी वाद्यांची फौज. ज्यांना ऑपेरागृहाचं तिकीट परवडत नव्हतं त्यांनी पिढ्यान् पिढ्या ऑपेराकार वेर्दीची गाणी या बँडकडूनच ऐकली. तिथे ट्रंपेट हे आधी गाणं म्हणायचं वाद्य आहे. मग ते वेगाचं, चमत्काराचं. मला वाटतं, इटालियन जॅझमध्ये जे ओढून घेतं ते हे. कितीही गुंतागुंतीचं वाजवत असले तरी कुणीतरी गात असतं. आपल्याकडे सनईवाल्याला किंवा हार्मोनियमवाल्याला 'गातोय अगदी' ही जी दाद देतात, ती या लोकांना सहज द्यावीशी वाटते.

फ्रेझूनं १९८८ पासून त्या बेर्किद्दातच जॅझचा महोत्सव सुरू केला. ऑगस्टमध्ये असतो. रानातल्या चर्चपाशी, झाडांखाली, आसपासच्या गावांतही मैफली होतात. जगातले मोठे वादक त्या एवढ्याशा गावात येतात. मला एकदा तिथे जायचंय.

दुसरं कारण जरा अवघड आहे. जॅझ इटलीचं नाही हे त्यांना ठाऊक आहे. काहींनी उलटा दावाही केला. १९१७ साली जॅझची म्हणून विकलेली पहिली रेकॉर्ड ज्या वाद्यवृंदाची निघाली, त्याचा म्होरक्या निक लारोका सिसिलीतून न्यू ऑर्लिन्सला आलेल्या माणसाचा मुलगा. हे खरं आहे आणि इटलीत अभिमानानं सांगतात. पण हाच लारोका पुढे म्हणू लागला की जॅझ गोऱ्यांनी निर्माण केलं, कृष्णवर्णीयांनी नाही. हे साफ खोटं आहे आणि मला त्याचा राग येतो. मला आवडणारे वादक नेमके याच्या विरुद्ध टोकाला उभे आहेत. हे गाणं कुणाच्या घरचं आहे, कुणाच्या दुःखातून आलंय, हे मान्य करून ते वाजवतात. त्यांच्या आधीच्या पिढीनं तर ते लपूनछपून जपलं होतं. मुसोलिनीच्या काळात परकी नावं नकोत म्हणून अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं, नावाचा शब्दशः अनुवाद करून, 'लुईजी ब्राच्चोफोर्ते' केलं गेलं, असा किस्सा आहे. ज्या गाण्यासाठी एवढं करावं लागलं ते गाणं कुणी गृहीत धरत नाही.

घरातला वारस वडिलांच्या वस्तू कशाही वापरू शकतो. जावई तसं करत नाही. तो विचारून घेतो, जपतो, आणि कधी कधी त्यालाच त्या वस्तूची खरी किंमत दिसते.

याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण जॉर्जो गास्लिनीचं आहे. मिलानोचा पियानोवादक, १९२९ चा. त्यानं एकट्या पियानोवर आधी अमेरिकन जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या रचना वाजवल्या. ते समजण्यासारखं आहे, मंक पियानोचाच. पण नव्वदच्या सुमारास त्यानं 'आयलर्स विंग्ज' केला. अल्बर्ट आयलर! ज्यांनी ऐकला नसेल त्यांना सांगते, आयलरचा सॅक्सोफोन म्हणजे आक्रोश. स्वरांच्या मधल्या जागांतून ओरडणं, घोगरं होणं, थरथरणं. चौतिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत त्याचं प्रेत सापडलं. हे पियानोवर कसं आणणार? पियानोला मींड नाही. पट्टी दाबली की स्वर ठरलेला, तो ताणता येत नाही. म्हणजे ज्यानं आयलर आयलर होतो तेच या वाद्याला वर्ज्य.

गास्लिनीनं आक्रोश सोडून दिला आणि खाली उरलेल्या चाली उचलल्या. त्या निघाल्या अगदी साध्या. लष्करी बँडची कूच, चर्चमधली प्रार्थना, लहान मुलं म्हणतील असं काहीतरी. आयलर स्वतः अमेरिकी सैन्याच्या बँडमध्ये फ्रान्सला होता, हे माहीत असलं तर त्या चाली कुठून आल्या असतील याचा अंदाज येतो. पण ज्यानं चौकातली बांदा ऐकलीय त्याच्या कानाला ते आपोआप कळलं असणार. त्या रेकॉर्डनंतर मी आयलर पुन्हा लावला आणि पहिल्यांदाच घाबरले नाही. ओरडण्याच्या आत मला ती प्रार्थना ऐकू येत होती.

बाकीचे भराभर सांगते, नाहीतर संपायचं नाही. पिएरानुन्झीनं मोरिकोनेच्या सिनेमांच्या चाली बासवर मार्क जॉन्सन आणि ड्रमवर जोई बॅरन यांच्याबरोबर वाजवल्या. हा पूर्वी मोरिकोनेच्या चित्रपटसंगीतात स्वतः पियानोवर बसलेला, त्यामुळे ओळख आतून आहे. बोल्लानीनं अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झप्पा वाजवला. तो मला फारसा लागला नाही. जान्नी कोशा हा अकॉर्डियनवाला आणि जानलुईजी त्रोवेझी हा क्लॅरिनेटवाला, या दोघांनी लेखक उंबेर्तो एको गेल्यावर त्याच्यासाठी एक अल्बम केला. कोशा आणि एको आलेस्सांद्रियातले शाळासोबती. म्हातारपणी मित्रासाठी वाजवलेलं आहे, तेवढं सांगितलं तरी पुरे.

आणि रावाचा मायकल जॅक्सन. याला लोक हसतात, म्हणून थोडं थांबते. जॅक्सन २००९ मध्ये गेला तोपर्यंत रावानं त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. मृत्यूनंतर ऐकायला लागला आणि वेड लागलं; मिळेल ते विकत आणून ऐकलं, पाहिलं. २०११ मध्ये रोमला तरुण वादकांचा ताफा घेऊन त्यानं ती गाणी वाजवली. तेव्हा तो एकाहत्तर-बाहत्तरचा होता. त्या वयाला, एवढं नाव झाल्यावर, 'हा माणूस माझ्याकडून राहून गेला होता' असं सगळ्यांसमोर कबूल करायचं आणि ट्रंपेट उचलायचं. मी त्यावर हसू शकत नाही.

तर काका, येत्या रविवारी या. आधी १९६२ ची 'चेट इज बॅक' लावू, मग 'शेड्स ऑफ चेट'. पूर्ण ऐकायचं, मधे बोलायचं नाही. त्यानंतर बाबांची कॅसेट काढते. प्लेअर दुरुस्त करून आणलाय, फक्त दुसऱ्या बाजूला सुरुवातीला थोडा आवाज ओढला जातो.