आमची वाटचाल : बाबांचा बोळा आणि काचेची कपाटं

जुनी काचेची कपाटं दुरुस्त करून पॉलिश करायचं आमचं काम तसं पाहिलं तर २६ जुलैच्या पाण्यातून सुरू झालं. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा मुंबईत सगळ्यांना पाठ आहे, पण आमच्या घरी आठवतो तो त्यानंतरचा आठवडा. बाबा तेव्हा लालबागला एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचे कारागीर होते, आणि कलिन्याला मावशीच्या तळमजल्यावरच्या घरात कंबरेएवढं पाणी शिरलेलं म्हणून आम्ही सगळेच तिकडे गाळ काढायला गेलो होतो. शेजाऱ्यांचं एकदम नवीन शोकेस, पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचं, ते फुगून चहात बुडवलेल्या पावासारखं सुटलं होतं, हात लावला की तुकडा हातात. आणि मावशीचं जुनं सागवानी काचेचं कपाट, कपबशांचं, ते नुसतं सैल होऊन एका बाजूला कललं होतं. मावशी म्हणाली टाकून द्या आता. बाबांनी टाकू दिलं नाही.

जुन्या कपाटांचे सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याच्या गोंदाने, चिकटवलेले असायचे, फेविकॉल १९५९ मध्ये आला त्याच्या आधीची सगळी कपाटं तशीच. सरस पाण्यात सुटतो, पण लाकडाला काही होत नाही, म्हणजे सांधा उघडा झाला की साफ करून परत जोडता येतो. बाबांनी दारं काढली, मागची फळी काढली, आणि सगळं जिन्याखालच्या सावलीत विटांवर ठेवलं, पुरे तीन आठवडे. दादा उन्हात ठेवायला निघाला तर बाबा त्याला ओरडले, उन्हात वरचं लाकूड आधी सुकतं आणि आतलं ओलंच राहतं मग फळीला तडे जातात. ते कपाट मावशीकडे अजून आहे. चाळीतल्या लोकांनी ते पाहिलं, मग एकाने विचारलं माझं करून द्याल का, मग दुसऱ्याने, आणि वर्षभरात बाबांनी कारखाना सोडला. दादा सुतारकाम बघायचा, मी आधी नुसता हिशेब आणि फोन, नंतर काचा, आणि शेवटी बाबांकडून पॉलिशसुद्धा शिकले. पहिला गाळा लोअर परळला होता, भाडं परवडेनासं झालं तेव्हा भांडुपला आलो.

मला कोणी विचारलं की तुम्ही नक्की काय करता, तर मी सांगते जुनं पॉलिश जागं करतो. लोकांना वाटतं जुनं कपाट म्हणजे सगळं घासून काढायचं आणि वर चकचकीत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा प्लास्टिकसारखा थर, मारायचं. बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. मुंबईतल्या जुन्या कपाटांवर बहुतेक चपड्याचं पॉलिश असतं, म्हणजे लाख, पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवरच्या किड्यांची, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. ओळखायचं कसं तर मागच्या बाजूला न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाला जरासं स्पिरिट लावून दाबून धरायचं, चिकट झालं, कापूस तपकिरी झाला तर चपडा. स्पिरिटने काहीच झालं नाही तर वर मेलामाइनचं नाहीतर पीयूचं केमिकल पॉलिश आहे, तिथे खेळ वेगळा. चपडा असेल तर आधी ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने वर्षांचा धूर आणि तेलकटपणा काढायचा, मग मलमलमध्ये कापूस गुंडाळून बाबा बनवायचे तसा बोळा करायचा, पातळ चपडा घ्यायचा, बोळ्याच्या तळाला खोबरेल तेलाचं एकच बोट, आणि हात कुठेही न थांबवता गोल गोल फिरवत राहायचं. हात थांबला की बोळा चिकटला, खालचा थर उचलला गेला. नवीन थर जुन्यात विरघळून एक होतो, त्यामुळे खालचा तो जुना मधासारखा रंग जात नाही. तो रंग पीयूच्या डब्यात मिळत नाही हे मी कोणालाही हातात नमुना देऊन दाखवते.

हे सगळं आम्ही चूक करून शिकलो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी प्रभादेवीच्या एका काकूंचं कपाट आलं होतं, दादाने लाकूड घासायचं नवीन सँडर मशीन घेतलेलं आणि काम लवकर संपवायची घाई. चौकट सागाची होती पण बाजूचे पॅनल विनिअरचे, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, आणि विनिअर किती जाड असतं, कागदाच्या पुठ्ठ्याएवढंसुद्धा नाही. ८० नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर लावून मशीन फिरवलं आणि मधोमध तळहाताएवढा डाग, खालची प्लाय दिसायला लागली. त्याला इलाज नाही. आम्ही पूर्ण पॅनल आमच्या खर्चाने बदलून दिलं, तरी रेषा जुळल्या नाहीत, आणि काकू बोलल्या काही नाहीत पण कपाट घरी गेल्यावर त्यांनी ती बाजू भिंतीकडे करून ठेवली. मला ते अजून लागतं. त्यानंतर विनिअरला मशीन लावायचं नाही म्हणजे नाही, २२० च्या पुढचाच बारीक पेपर, तोही हाताने, रेषेच्या दिशेने.

काचेबद्दल पण सांगते कारण सगळ्यात जास्त वाद तिथे होतात. जुन्या कपाटांच्या काचेतून पाहिलं की पलीकडच्या बश्या जरा हलल्यासारख्या दिसतात, ती ओढून बनवलेली काच असते. आता मिळते ती सपाट फ्लोट ग्लास, आपल्याकडे बनायला लागली ती नव्वदच्या दशकात. गिऱ्हाईक म्हणतं काच खराब आहे बदला, मी म्हणते तडा नसेल तर हात लावू नका, तशी काच परत मिळणार नाही. शेल्फ मात्र काचेचे हवे असतील तर तीन फुटांच्या मापाला आम्ही ८ मिमीच्या खाली देत नाही आणि कडा घासून घेतो. एवढ्या मापाची एक फूट खोल काच नुसतीच साडेपाच किलोच्या आसपास भरते, त्यावर डिनर सेट, म्हणजे खालचे चार खिळे किती ओझं उचलतात ते बघा.

जुनं विकत घ्यायचं असेल तर ओशिवऱ्याला फर्निचर मार्केटमध्ये जा नाहीतर चोर बाजारात मटण स्ट्रीटला, पण सकाळच्या उजेडात जा आणि समोरची बाजू शेवटी बघा. आधी पाठ बघा, मग खालचे पाय, मग ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे. ड्रॉवरचे कोपरे एकमेकांत दातासारखे बसवलेले असतील तर सुताराने जीव लावून काम केलंय, नुसते खिळे असतील तर भाव कमी करा. खाली बारीक पिठासारखा भुगा पडलेला असेल तर आत कीड जिवंत आहे, तिचा बंदोबस्त होईपर्यंत ते घरात आणायचंच नाही. टेप घेऊन जा. मोठी प्लेट साडेदहा-अकरा इंचांची असते, आतून बारा इंच खोली नसेल तर दार लागणार नाही, आणि अठरा इंच खोल असेल तर मागच्या रांगेतलं भांडं तुम्ही दिवाळीलासुद्धा काढणार नाही, हे मी किती घरांत पाहिलंय. लिफ्टचं माप पण घ्या. चांगल्या जुन्या कपाटांचा वरचा भाग खालच्यापासून सुटा होतो, विकणारा सांगत नाही, तुम्ही विचारा.

दादर पारशी कॉलनीतली कपाटं आली की आमच्या गाळ्यात सगळे कामं सोडून बघायला येतात. पारशी व्यापारी चीनला कँटनपर्यंत व्यापार करायचे, तिकडून चिनीमातीची भांडी घरात आली, आणि काही कपाटांच्या फळ्यांना प्लेट उभी राहावी म्हणून मागे लांब खाच कोरलेली असते. दोन इंचांवर एक सरळ खाच, बस. नवीन युनिट बनवतो तेव्हा आम्ही ती खाच फुकट कोरून देतो.

घरात ठेवताना दोनच गोष्टींवर मी अडून बसते. एक, भिंतीपासून दोन इंच लांब, आणि वरून एल-पट्टीने भिंतीला बांधलेलं, कारण लहान पोरं दाराला लटकतात आणि काचेचं कपाट वरून जड असतं. पायाखाली रबर, लादी पुसताना पाणी पहिलं पायातच शिरतं. दुसरं म्हणजे कपाट रोज उघडायचं. हे ऐकून लोक बघतच राहतात. आपल्याकडे काचेचं कपाट म्हणजे पाहुण्यांसाठी, किल्ली आईच्या कमरेला, आतल्या कपांना आठ वर्षांत चहा लागलेला नाही. पण मुंबईच्या हवेत बंद कपाटात बुरशी धरते, दारं फुगतात, बिजागऱ्या गंजतात, आणि पावसाळा संपता संपता आत तो कुबट वास. रोज एक कप काढला तरी आत वारा खेळतो. प्लेटींच्या मध्ये जुन्या सुती साडीचे तुकडे घाला, कप एकावर एक दोनपेक्षा जास्त नको, आणि गरम कप थेट पॉलिशवर ठेवायचा नाही, चपड्यावर पांढरं कडं उमटतं.

चपड्याचं काम आम्ही जून लागला की बंद करतो, गणपती झाल्यावर परत. दमट हवेत थर पांढरट धूर धरतो, कितीही घाई असली तरी. गेल्या जुलैत एकांनी लग्नाची तारीख सांगून फार आग्रह केला तरी मी नाही म्हटलं, ते दुसरीकडे गेले, त्याचं वाईट वाटलं, पण ते काम घेतलं असतं तर जास्त वाईट वाटलं असतं.

हल्ली फोन जास्त येतात ते वरळी आणि नायगावकडून. तिथल्या बीडीडी चाळीत, ब्रिटिश काळातल्या त्या सरकारी चाळींत, १६० चौरस फुटांत ज्यांची आयुष्यं गेली त्यांना आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत, आणि सामान हलवताना पहिलं काय टाकतात तर खाटेच्या पायथ्याशी कोंबलेलं ते कपाट, आता खरं तर त्याला भिंत मिळतेय तेव्हाच. भंगारवाल्याला द्यायच्या आधी फोटो पाठवा एवढंच मी सांगते, बघायचे पैसे आम्ही घेत नाही.

आत्ता गाळ्यात असंच एक वरळीचं कपाट उभं आहे, साडेतीन फूट रुंद, डावं दार खाली घासतंय, आत खालच्या फळीवर वर्तमानपत्राचे चार थर चिकटलेले. दादाने बिजागऱ्या काढून ठेवल्यात. बाबा आता बोळा फिरवत नाहीत, खांदा दुखतो, पण स्टूल ओढून बसतात आणि आवाजावरून सांगतात, चिकटतोय, थोडं तेल घे.