आडाचं पाणी कुठल्या कॅटेगरीत बसतं?

आविष्कारचा फॉर्म भरताना आमचा सगळ्यात जास्त वेळ कॅटेगरी ठरवण्यात गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आविष्कार म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची संशोधन स्पर्धा. कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने ती 2006 पासून होते. कॉलेजातून विद्यापीठात, तिथून राज्यावर, अशी चढण. सहा कॅटेगऱ्या: मानव्यविद्या-भाषा-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, कृषी आणि पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक आणि औषधनिर्माण. मी बीएस्सी केमिस्ट्रीची, माझी मैत्रीण बीए समाजशास्त्राची. आमचं निम्मं काम ब्युरेटमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळीत, होतं आणि निम्मं लोकांच्या ओट्यावर.

विषय माझ्या आजोळचाच. सांगोला तालुक्यात, माण नदीच्या बाजूचं गाव. बोअरचं पाणी मचूळ, त्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, पातेल्याला पांढरा थर. गावात फिल्टरचा प्लँट आल्यावर 5 रुपयांचं नाणं टाकून 20 लिटरचा जार भरून न्यायची पद्धत पडली. मला पाणी तपासायचं होतं. मैत्रिणीचा प्रश्न वेगळाच: जार कोण घेतं, कोण घेत नाही आणि का? गाईड मॅडम म्हणाल्या, दोन्ही एकत्र करा, पण मग रडायचं नाही.

आधी वाचन. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, भूजलावरचे प्रबंध ढिगाने आहेत आणि ते फुकट वाचता येतात, हे बीएस्सीच्या पोरांना कुणी सांगतच नाही. त्यातून एक गोष्ट लवकर कळली. पाण्यावरच्या बहुतेक प्रबंधांत माणसं नाहीत, आणि गावावरच्या प्रबंधांत पाणी चाखून कुणी पाहिलेलं नाही.

प्रयोगशाळेतला भाग मला सोपा गेला. 50 मिली पाणी, अमोनिया बफर, रंग बदलून दाखवणारं चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणाऱ्या ईडीटीएचे थेंब. वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबायचं. जारचं पाणी एक-दोन मिलीतच निळं व्हायचं. बोअरच्या पाण्याला ब्युरेट निम्म्याच्या खाली उतरायची, म्हणजे लिटरला 500 मिलिग्रॅमच्या पुढे कठीणपणा (पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम). भारतीय मानक आयएस 10500 मध्ये 200 पर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या, असं आहे. हे अपेक्षितच होतं. बसाल्टातल्या बोअरला कठीण पाणी लागलं, ही काही बातमी नाही.

बातमी घरांतून आली. मैत्रिणीने नियम केला होता: गल्लीतलं प्रत्येक पाचवं घर, ओळखीचं असो वा नसो. आधी कशासाठी आलोय ते सांगायचं, परवानगी घ्यायची, मगच वही उघडायची. मला वाटत होतं दहा प्रश्न विचारू नि निघू. पण तिला चहा संपेपर्यंत काही विचारायचंच नसायचं, आणि चहा संपता संपता लोक आपणहून बोलायचे. जार का घेता, तर जवळपास सगळीकडे एकच उत्तर: मुतखडा होऊ नये म्हणून. गंमत अशी की जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही. लोक पैसे मोजत होते ते अशा भीतीपायी.

जार न घेणारी घरं जुन्या आडाचं पाणी प्यायची. काहींना रोजचे 5 रुपये जड होते, काही घरांत जार उचलून आणणारं कुणी नव्हतं. आणि काहींना आडाचं पाणी खरंच आवडायचं. "आगं, ह्या पाण्यावर चार पोरं वाढवली म्या, गोड हाय बघ," एक आजी म्हणाल्या आणि तांब्या भरून पुढे केला. आम्ही प्यायलो. गोडच होतं.

पण आडाच्या वरच्या अंगाला गोठे आणि उकिरडे होते. मॅडमनी नायट्रेट, म्हणजे शेण-कचऱ्यातून पाण्यात झिरपणारा क्षार, बघायला सांगितलं. आमच्या पद्धतीला यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) लागतो, तो आमच्याकडे नव्हता. दुसऱ्या कॉलेजला अर्ज, सही, तारीख, परत अर्ज. तो सगळा कंटाळा इथे लिहीत नाही. निकाल असा आला: ज्या बोअरला गाव नाकं मुरडतं तिथलं नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेत, आणि गोड आडातलं मर्यादेच्या बरंच वर. नायट्रेटला ना चव, ना रंग, ना वास. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. सगळ्यात धोका तान्ह्या बाळांना, पावडरचं दूध अशा पाण्यात कालवलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटते. म्हणजे जारवाले भलत्याच भीतीमुळे का होईना, वाचत होते. आणि ज्यांच्यापाशी 5 रुपये नव्हते ते चवीवर भरवसा ठेवून बसले होते. नुसत्या ब्युरेटमधून किंवा नुसत्या वहीतून हे कधीच दिसलं नसतं.

शेवटी शुद्ध विज्ञान निवडलं, कारण फॉर्म माझ्या नावाने होता. पोस्टरसमोर एक परीक्षक म्हणाले, "यात केमिस्ट्री किती?" मी नायट्रेटचा आलेख दाखवला. दुसऱ्यांनी विचारलं, "घरं कशी निवडली?" पाचव्या घराचा नियम सांगितल्यावर त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारले, तिन्ही माणसांबद्दल. विज्ञानाच्या दालनात सगळ्यात जास्त चर्चा मैत्रिणीच्या वहीची झाली, आणि ती बिचारी प्रेक्षकांत उभी. विद्यापीठ पातळीवर पोस्टरमधून तोंडी सादरीकरणापर्यंत पोचलो, राज्यावर नाही. माझ्या मते कॅटेगरी मानव्यविद्या असती तरी तेवढंच झालं असतं, तिथे कुणी बफरबद्दल विचारलं असतं इतकंच.

स्पर्धेआधीच आम्ही आडाचा निकाल साध्या मराठीत एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीत दिला होता. तान्हं मूल असलेल्या घरांना आधी जाऊन सांगितलं. गावच्या पाण्याची तपासणी बघणाऱ्या जलसुरक्षकाकडे साधं किट होतं, त्यानेही आपल्या हाताने नायट्रेट तपासून पाहिलं. आजींनी कागद वाचून घेतला आणि म्हणाल्या, "मग उकिरडा हलवा की, आड कशाला बंद करता?" पुढच्या वर्षीच्या बॅचने आता तेच घेतलंय: उकिरडे हलवले तर आडातलं नायट्रेट किती दिवसांत उतरतं. त्यांनाही कॅटेगरी सापडलेली नाही.